पार्श्वभूमी : मधलं एक वर्ष आणि शंभराचा स्टॅम्प

सोलापुरातल्या मुलांना 'गॅप' हा शब्द पहिल्यांदा भेटतो तो प्रवेशाच्या कागदपत्रांच्या यादीत. मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, आधार, आणि सगळ्यांत खाली, 'गॅप असल्यास प्रतिज्ञापत्र'. त्यामुळे वर्षभर परदेशात एखाद्या वृद्धाश्रमात स्वयंसेवक म्हणून राबून, उरलेल्या दिवसांत चार गावं फिरून आलेली मुलगी आणि बारावीला फिजिक्समध्ये अडकलेला मुलगा जून-जुलैत एकाच टायपिस्टपुढे उभे असतात. दोघांच्या कागदावरचा मजकूर जवळपास एकच. तिकडे ज्या वर्षाचं कौतुक होतं, त्याच वर्षाची इथे शपथेवर कबुली द्यावी लागते. असं का झालं, हे समजायला थोडं मागे जायला हवं.

सोलापूरकराला परदेशातल्या सेवेचं नवल नाही. भैय्या चौकातलं कोटणीस स्मारक रोज नजरेसमोर आहे आणि १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकाची गोष्ट इथल्या प्रत्येकाला शाळेपासून पाठ असते. ती पुन्हा सांगत नाही. लक्षात एवढंच घ्यायचं, की पदव्युत्तर शिक्षणाची तयारी चालू असताना द्वारकानाथ कोटणीस हा सत्तावीस वर्षांचा डॉक्टर चीनला गेला. आजच्या भाषेत तो सरळसरळ 'गॅप'च. तेव्हा मात्र त्या वर्षांना कुणी तसं म्हटलं नाही.

युरोपात या प्रकाराची मुळं पहिल्या महायुद्धाच्या ढिगाऱ्यात सापडतात. १९२० मध्ये फ्रान्समध्ये व्हर्दंजवळच्या एका उद्ध्वस्त गावात काल एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या देशांतले तरुण घरं उभारायला एकत्र आले. त्याच चळवळीतले काही जण १९३४ च्या भूकंपानंतर बिहारात येऊन राबले. पण ही सगळी युद्धाला नकार देणारी माणसं होती. शाळा संपवून जग बघायला निघालेली पोरं नव्हेत.

ती पोरं आली १९५८ मध्ये, ब्रिटनमधून. त्यामागे दोन कारणं होती आणि दोन्ही तशी रुक्षच. एक म्हणजे सक्तीची लष्करी सेवा संपत आली होती. १९६० च्या अखेरीस शेवटच्या तुकडीला बोलावणं गेलं. अठराव्या वर्षी घराबाहेर काढून माणूस बनवण्याची जी व्यवस्था होती ती बंद होणार, मग या मुलांचं करायचं काय? दुसरं कारण त्यांच्या शैक्षणिक पंचांगातलं. ऑक्सफर्ड-केंब्रिजला जाऊ पाहणारी मुलं शाळा संपल्यावरही एक जादा सत्र थांबून हिवाळ्याच्या तोंडावर प्रवेशपरीक्षा देत. ती झाली की पुढच्या ऑक्टोबरपर्यंत नऊ महिने मोकळे, आणि तेही जागा पक्की झाल्यावर! १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही पद्धत चालली. मधलं वर्ष जन्माला आलं ते या फटीत. पुढचं दार उघडं आहे हे ठाऊक असलेल्या मुलांसाठी ती फट होती. आपल्याकडे नेमकं हेच नव्हतं, म्हणून ही बाब महत्त्वाची.

सुरुवातीच्या तुकड्या सारावाकसारख्या (आता मलेशियात) वसाहतींत गेल्या. अठरा वर्षांचं पोर तिथे जाऊन शिकवणार काय, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि काही वर्षांतच पदवीधरांना प्राधान्य मिळू लागलं. १९६१ मध्ये अमेरिकेने सरकारी पातळीवर असंच दल काढलं. त्याची पहिली तुकडी त्याच वर्षी पंजाबात उतरली. ही मंडळी १९७६ पर्यंत भारतात होती, आणि कोंबडीपालनापासून इंग्रजी शिकवण्यापर्यंत कशालाही हात घालत. दरम्यान इस्तंबूल-काबूल मार्गे गोव्याला आणि काठमांडूला पोहोचणारे हिप्पीही होतेच. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा घुसल्या आणि तो रस्ता बंद झाला.

त्यानंतर सेवेची दुकानं झाली. कार्यकर्त्यांना हा शब्द खटकेल, पण दुसरा सुचत नाही. दोन-चार आठवडे, ठरलेली रक्कम, त्यात राहणं, जेवण, थोडं पर्यटन आणि अनाथाश्रमातल्या मुलांबरोबर फोटो. नेपाळ-कंबोडियात तर या पाहुण्यांसाठीच आश्रम भरले गेले आणि त्यांतल्या बऱ्याच मुलांचे आईवडील हयात होते. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात या प्रकाराची दखल घेतली. सोलापुरातून जाणाऱ्या मुलांनी हे आधी वाचलेलं बरं, कारण समाजमाध्यमांवर येणाऱ्या जाहिराती अजून त्याच साच्यातल्या असतात.

आपल्याकडे सेवा होती, पण ती वर्षाची नव्हती. शिबिराची होती. २४ सप्टेंबर १९६९ रोजी राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर, हा तिचा हिशेब. दक्षिण सोलापुरातल्या किंवा मोहोळकडच्या कुठल्या तरी गावात शाळेच्या खोलीत सतरंज्या अंथरून झोपायचं, सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री पथनाट्य. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथची बाबा आमटेंची श्रमसंस्कार छावणीही मे महिन्यातली. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीची जमीन हादरली तेव्हा जखमी सोलापूरच्या सिव्हिलमध्ये आणले गेले आणि कॉलेजची पोरं वॉर्डात स्ट्रेचर धरून उभी राहिली. त्यासाठी कुणी वर्ष सोडलं नाही. आपलं शैक्षणिक पंचांग जून ते एप्रिलचं, मधे मे महिना. आपली सेवा त्या सुट्टीत मावेल एवढीच राहिली.

आता शब्दाकडे. इंग्रजी 'गॅप' सरकारी मराठीत येताना 'खंड' झाला. 'शिक्षणात खंड पडला आहे.' घोटाळा इथेच आहे. सोलापूर जिल्ह्यात खंड हा शब्द कधीच चांगल्या बातमीसोबत येत नाही. पावसाने खंड दिला म्हणजे ज्वारी, तूर गेली. वारीत खंड पडला म्हणजे घरात काहीतरी विपरीत घडलं. व्रताचा, उपचाराचा, हप्त्याचा, कशाचाही खंड हा तुटल्याचाच. ज्या भाषेत अखंडला एवढा मान, तिथे मधलं वर्ष हे रजा, मुक्काम किंवा विसावा न होता थेट तुटणं झालं. बोलण्यात 'ड्रॉप' म्हणतात, तेही वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या दुसऱ्या प्रयत्नापुरतं. कोटा-लातूरला बसून घेतलेला ड्रॉप शेजारीपाजारी समजून घेतात. परदेशात म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलण्यात घालवलेलं वर्ष मात्र 'वाया' जातं. गंमत अशी की आशिया खंड म्हणतो तो खंडही हाच, पण इथे तो अर्थ कुणाला आठवत नाही.

या शब्दामागोमाग प्रतिज्ञापत्र आलं. मजकूर साधारण ठरलेला: अमुक ते अमुक काळात मी कुठल्याही संस्थेत प्रवेश घेतला नव्हता, कुठल्याही गैरकृत्यात सहभागी नव्हतो, वरील माहिती खोटी ठरल्यास मी शिक्षेस पात्र राहीन. वर्षानुवर्षं हे शंभराच्या स्टॅम्पवर होत आलं. खरं तर सरकारी कार्यालयांत आणि न्यायालयांत सादर करायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ असल्याचा आदेश २००४ पासून आहे. तरी खिडकीवरचा माणूस स्टॅम्प मागतो आणि पालक आणून देतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याने किमान मुद्रांक शंभरावरून पाचशेवर नेला, तेव्हा कुठे आरडाओरड झाली. मग २०२५ च्या सुरुवातीला विद्यार्थ्यांच्या दाखल्यांसाठी स्टॅम्प लागणार नाही असं पुन्हा जाहीर करावं लागलं. चर्चा झाली ती पाचशे रुपयांची. एका वर्षासाठी शपथ घ्यायचीच कशाला, हे कुणी विचारलं नाही.

शिष्यवृत्तीच्या भीतीचंही तेच. 'गॅप घेतला तर स्कॉलरशिप बंद' हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. राज्याच्या शुल्क शिष्यवृत्तीतली अट अशी की अभ्यासक्रम चालू असताना दोन किंवा अधिक वर्षांचा खंड नसावा. एक वर्ष त्यात बसत नाही. शिवाय अट अभ्यासक्रमाच्या मधल्या खंडाची आहे, बारावी आणि पदवीच्या मधल्या नव्हे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर मधेच बाहेर पडून परत येण्याची सोय दिली, आणि २०२१ मध्ये श्रेयांक (क्रेडिट) साठवून ठेवणारी बँक सुरू झाली. तिथले श्रेयांक सात वर्षांपर्यंत चालतात. धोरणाने दार उघडलं, पण यादीतली शेवटची ओळ जिथल्या तिथे राहिली.

जायच्या वाटा मात्र याच काळात रुंदावल्या. पूर्वी पासपोर्टसाठी पुण्याची फेरी ठरलेली. २०१७ पासून टपाल कार्यालयांत सेवा केंद्रं सुरू झाली आणि सोलापुरालाही एक मिळालं. जर्मनीत तरुणांच्या ऐच्छिक सामाजिक वर्षाचा कायदा १९६४ चा. १ जुलै २०११ ला सक्तीची लष्करी भरती थांबली आणि त्याच दिवशी नवी स्वयंसेवा योजना सुरू झाली, कारण लष्कराऐवजी इस्पितळांत आणि वृद्धाश्रमांत काम करणारे तरुण एकाएकी नाहीसे होणार होते. म्हणजे पुन्हा तेच, ब्रिटनसारखंच. जर्मन तरुणांना आपल्याकडे पाठवणारी सरकारी योजना २००८ ची. तिच्यात उलट दिशेने, इकडून तिकडे जायची सोय झाली ती २०१३ पासून. राहायला खोली, थोडा हातखर्च, आणि आधी जर्मन भाषेची थोडी तयारी.

बाकीच्या वाटांना सेवा म्हणणं धाडसाचं ठरेल. फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्रिटनने भारतीय तरुण पदवीधरांसाठी वर्षाला तीन हजार जागा खुल्या केल्या. १८ ते ३० वय, दोन वर्षं मुक्काम, नावं सोडतीने. खात्यात २,५३० पौंड सलग २८ दिवस दिसायला हवेत. ऑस्ट्रेलियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये काम-आणि-सुट्टीचा व्हिसा भारतीयांना दिला. वर्षाला एक हजार जागा, त्याही सोडतीने. सोलापूरच्या पूर्व भागातल्या टॉवेलच्या कारखान्यात कामाला असलेल्या बापाला खात्यातली ती पौंडांची रक्कम महिनाभर हलवायची नाही हे समजावणं, हीच या प्रक्रियेतली सगळ्यांत अवघड पायरी. मधल्या वर्षाची फट तिकडे पोटाची चिंता नसलेल्यांसाठी निघाली होती. आपल्याकडे आली तेव्हा तिच्या तोंडाशी बँकेचं स्टेटमेंट उभं होतं.

मागच्या जुलैत ओळखीतल्या एका मुलीसोबत कलेक्टर कचेरीजवळच्या टायपिस्टकडे गेलो होतो. जर्मनीत वर्ष काढून ती परत आली होती. जाताना आईने दोन डबे कडक भाकरी आणि शेंगा चटणी बांधून दिली होती. भाकरी चार महिने पुरली, चटणी तिथल्या आजीबाईंनी पंधरा दिवसांत संपवली, असं ती सांगत होती. टायपिस्टने मान वर न करता विचारलं, "कारण काय टाकू?" ती म्हणाली, "परदेशात स्वयंसेवा." त्याची बोटं थांबली. "असं नसतंय ताई. घरगुती अडचण टाकतो, कुठं बी चालतंय." ती अडून बसली. तेव्हा त्याने संगणकावरचं फोल्डर उघडून दाखवलं. आत तीन फायली होत्या, 'गॅप घरगुती', 'गॅप आजारपण' आणि 'गॅप नीट'. थोडा विचार करून त्याने चौथी काढली, तिचं कारण ती सांगेल तसं टाइप केलं, आणि फाईलला नाव दिलं 'गॅप इतर'.