नळी आधी घरी आली, व्यवस्था मागाहून

पक्षाघात, डोक्याची गंभीर इजा, घशाचा कर्करोग, सेरेब्रल पाल्सी, मोटर न्यूरॉनचा आजार. कारणं वेगवेगळी, अडचण एकच: गिळता येत नाही. पोट आणि आतडी मात्र शाबूत असतात. अशा माणसाला घरी सोडतात तेव्हा अन्न देण्यासाठी घातलेली नाकातली किंवा पोटावरची नळी त्याच्यासोबत येते. त्या नळीचं पुढे कोण बघणार, हे ठरलेलं असतंच असं नाही. आजही अनेक घरांना हा प्रश्न पडतो, कारण नळी आणि घरची व्यवस्था यांचा इतिहास बरोबरीने चाललेला नाही.

लंडनचे शल्यचिकित्सक जॉन हंटर यांनी १७९० मध्ये गिळण्याचे स्नायू लुळे पडलेल्या एका रुग्णाला ईल माशाच्या कातड्याच्या नळीतून अन्न दिलं. आत देवमाशाच्या तोंडातल्या पट्ट्यांपासून केलेली लवचीक काडी आणि वरच्या टोकाला अन्न भरलेली पिशवी, अशी ती रचना होती. रुग्ण बरा झाला. पोटाला थेट छिद्र पाडण्याचा रस्ता जास्त खडतर निघाला. शार्ल सेदियो यांनी १८४९ मध्ये स्ट्रासबर्गला ती शस्त्रक्रिया केली, पण रुग्ण वाचला नाही. पुढची पंचवीस-तीस वर्षं यश दुर्मीळच होतं.

आपण ज्या नळीला सर्रास ‘राइल्स ट्यूब’ म्हणतो ती जॉन राइल यांनी १९२१ मध्ये पुढे आणली, तीही जठरातला रस तपासायला बाहेर काढण्यासाठी. आहार आत सोडण्याचं काम तिच्याकडे नंतर आलं. रबर आणि पीव्हीसीच्या जागी सिलिकॉन व पॉलियुरेथेनच्या मऊ, बारीक नळ्या आल्या, तेव्हा ती आठवडेच्या आठवडे अंगावर बाळगणं सुसह्य झालं.

खरं वळण १९७९ चं. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये मायकेल गॉडरर आणि जेफ्री पॉन्स्की यांनी जेमतेम साडेचार महिन्यांच्या बाळाला पोट न उघडता, एंडोस्कोपच्या, म्हणजे तोंडावाटे आत सोडायच्या दुर्बिणीच्या मदतीने जठरात नळी बसवली. हीच ‘पेग’. महिनोन् महिने, वर्षानुवर्षं टिकणारा मार्ग खुला झाला आणि रुग्णाला हॉस्पिटलात ठेवण्याचं मोठं कारण संपलं.

पण घर म्हणजे वॉर्ड नव्हे. रात्री अडीचला नळी तुंबते. मुलगी सिरिंजमध्ये कोमट पाणी घेते, दट्ट्या हलकेच पुढे-मागे करते, जोर लावायचा नाही एवढं तिला आठवत असतं. औषधाची गोळी नीट विरघळली नव्हती की फीडनंतर पाणी सोडायचं राहिलं, हे तिला कळत नाही. विचारायचं कोणाला? माझ्या मते घरच्या नळीआहाराचा सगळा इतिहास या एका प्रश्नापाशी येऊन थांबतो.

आधी पुढे सरसावले ते रुग्ण आणि त्यांची माणसं. अमेरिकेत १९८३ मध्ये डॉ. लिन हॉवर्ड आणि त्यांचे रुग्ण क्लॅरेन्स ‘ओली’ ओल्डनबर्ग यांच्या पुढाकाराने ओली फाउंडेशन उभं राहिलं. ब्रिटनमध्ये १९८७ साली ‘पिंट’ ही रुग्णांची संघटना आली. नळी कपड्याखाली कशी सांभाळायची, प्रवासात फीड सोडणारा पंप कुठे ठेवायचा, हे शहाणपण आधी या मंडळींनी एकमेकांना दिलं.

सरकारी यंत्रणांची पावलं त्यानंतरची. नाकातली नळी जठराऐवजी फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोपने आवाज ऐकण्याची जुनी रीत याबाबत भरवशाची नाही, असं ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा यंत्रणेने २००५ मध्ये बजावलं. नळीतून ओढलेल्या द्रवाचा पीएच ५.५ किंवा त्याखाली आहे का, म्हणजे तो जठरातल्या रसासारखा आम्ल आहे का, हे तपासायला सांगितलं. २००६ मध्ये तिथल्याच ‘नाइस’ या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या संस्थेने घरच्या व्यवस्थेचा आराखडा मांडला: आहारतज्ज्ञ, घरी येणारी परिचारिका, फॅमिली डॉक्टर, औषधविक्रेता आणि वाचा-गिळणतज्ज्ञ यांचा एकमेकांशी जोडलेला गट, प्रत्येक रुग्णासाठी लिखित योजना, घरच्यांना प्रशिक्षण, फीड आणि साहित्य पोहोचवण्याची सोय. शिवाय नेहमीचा आणि तातडीचा असे दोन फोन नंबर, आणि फोन उचलणारा या रुग्णांच्या गरजा जाणणारा हवा. मला या यादीत सगळ्यात मोलाची वाटते ती ही फोनची ओळ.

आहाराची नळी चुकून सलाइनच्या लाइनला जोडली जाऊन माणसं दगावली होती. त्यावर एक आंतरराष्ट्रीय मानक २०१६ मध्ये निघालं. त्यानुसार बनलेला ‘एनफिट’ जोड शिरेच्या लाइनला बसतच नाही. जुनी सिरिंजही त्याला थेट बसत नाही, म्हणून घरी सोडताना नळी कोणत्या जोडाची आहे ते कागदावर लिहून घ्यावं लागतं. त्याच कागदावर नळीचा प्रकार, जाडी, बसवल्याची तारीख आणि बाहेर दिसणाऱ्या भागावरची सेंटिमीटरची खूणही हवी. ही खूण सरकली, तर नळी हलली असावी, आणि खात्री होईपर्यंत फीड सुरू करायचं नाही.