फौजी घरचे कागद: सैनिकपत्नीचं ओळखपत्र, घरपट्टी माफी आणि मेडल्स (नाशिक जिल्ह्यासाठी माहिती)

15 ऑगस्टला गावच्या शाळेत माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या पत्नींना पहिल्या रांगेत बसवतात, शाल-श्रीफळ देतात. ते व्हायलाच हवं. पण त्यातल्या अनेक आजींकडे सैनिकाची पत्नी म्हणून स्वतःचं ओळखपत्र नसतं. घरपट्टी माफ असूनही दरवर्षी पूर्ण भरली जाते आणि नवऱ्याची मेडल्स ट्रंकेत काळी पडलेली असतात. सिन्नर-निफाडकडे हे मी वारंवार पाहिलं आहे. घरातल्या सैनिकाचा मान राखायचा असेल, तर आधी त्याचे आणि त्याच्या पत्नीचे कागद जुळवायला हवेत. हे काम मुला-नातवंडांचं आहे आणि आई-आजी हयात असतानाच करायचं आहे. एक कागद हातात आल्याशिवाय पुढचा मिळत नाही, म्हणून खालची माहिती त्याच क्रमानं दिली आहे.

आधी डिस्चार्ज बुक शोधा

सगळ्याचं मूळ म्हणजे डिस्चार्ज बुक, फौजेतून सुटताना सैनिकाला मिळणारं पुस्तक. त्यात सैनिक क्रमांक, हुद्दा, भरतीची आणि सुटण्याची तारीख, सुटण्याचं कारण, वर्तणुकीचा शेरा आणि मिळालेली मेडल्स असतात, बहुतेक वेळा पत्नी-मुलांची नावंही असतात. पेन्शन असेल तर सोबत पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश असतो. दोन्हींच्या प्रत्येक पानाचे फोटो आजच काढून ठेवा. जुन्या डिस्चार्ज बुकाच्या घड्या फाटतात आणि नेमका क्रमांकाचा आकडा जातो.

पुस्तक सापडलंच नाही, तर मेडल्स बाहेर काढा. मेडल आडवं धरून उजेडात त्याची कड पाहा. भारतीय सैन्याच्या मेडलच्या कडेवर सहसा सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव आणि रेजिमेंट बारीक अक्षरांत कोरलेली असते. क्रमांक आणि रेजिमेंट कळली की अर्ज करता येतो.

अर्ज त्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडे करायचा. फौजी त्याला 'रेकॉर्ड' म्हणतात. नाशिककरांची सोय अशी, की तोफखान्याचं रेकॉर्ड आपल्याच नाशिकरोड कॅम्पमध्ये आहे. मराठा लाईट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं (लष्करी अभियंते) पुण्यात खडकीला, सिग्नल्सचं (संदेशवहन दल) जबलपूरला आणि ईएमईचं (वीज आणि यंत्र दुरुस्तीचं दल) सिकंदराबादला. नौदलाच्या नाविकांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दला, तर वायुदलाच्या दिल्लीत सुब्रतो पार्कला असतात. अर्ज थेट टपालानं पाठवता येतो, पण नाशिकच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवलेला बरा. गावाकडे या कार्यालयाला अजून 'सैनिक बोर्ड' म्हणतात. तिथून पत्र गेलं की त्याला जावक क्रमांक असतो आणि पाठपुरावा करता येतो.

पेन्शन नसलेल्या सैनिकांची सेवेची कागदपत्रं ठरावीक मुदतीनंतर नष्ट केली जातात. रेकॉर्डकडून तसं उत्तर आलं तर तिथे थांबू नका. 'लाँग रोल' नावाची नोंदवही कायम जपली जाते आणि तिच्यात नाव, क्रमांक, भरती आणि सुटण्याच्या मूळ नोंदी असतात. दुसऱ्या अर्जात लाँग रोलचा उतारा स्पष्ट शब्दांत मागा.

पात्र कोण

पेन्शनवर निवृत्त झालेला, युद्धात किंवा सेवेत आलेल्या अपंगत्वामुळे सुटलेला, किंवा सेवेची मुदत पूर्ण करून ग्रॅच्युइटी घेऊन आलेला सैनिक हा माजी सैनिक. गैरवर्तनामुळे काढून टाकलेल्यांना हा दर्जा नाही. स्वतःच्या विनंतीवरून पेन्शनआधीच घरी आलेल्यांनाही आताच्या नियमांत सहसा तो मिळत नाही. मात्र व्याख्या सुटण्याच्या तारखेप्रमाणे बदलत गेली आहे, आणि 1 जुलै 1968 पूर्वी सुटलेल्यांसाठी ती बरीच मोकळी होती. म्हणून "आमच्या आजोबांना पेन्शन नव्हती, आमचं काय होणार" असं घरीच ठरवून टाकू नका. सुटण्याची तारीख आणि कारण घेऊन कार्यालयात जा.

नावाचा घोळ

सर्वात जास्त अर्ज इथे अडतात, त्यामुळे यावर थोडं सविस्तर लिहितो.

फौजेत लग्नाची आणि मुलांच्या जन्माची नोंद 'पार्ट टू ऑर्डर'नं, म्हणजे युनिटनं काढलेल्या लेखी आदेशानं होते. सैनिकानं सुट्टीवरून परत गेल्यावर युनिटमधल्या क्लार्कला नाव सांगितलं आणि त्यानं ऐकलं तसं इंग्रजीत लिहून घेतलं. इकडे गावात लग्नात नवरीचं नाव बदललं. मग रेकॉर्डला माहेरचं 'हिराबाई', रेशनकार्डावर सासरचं 'लक्ष्मीबाई' आणि आधारवर नुसतं 'लक्ष्मी', अशी एकाच बाईची तीन नावं होतात. जन्मतारखेचंही तेच. आधारवर 1 जानेवारी आणि रेकॉर्डला दुसरंच वर्ष.

नवरा हयात असेल तर हे काम सोपं आहे. अर्जावर त्याची सही पुरते आणि पत्नीच्या नावाची खात्री तोच देतो. तो गेल्यावर हाच खुलासा पत्नीला पुराव्यांनी करावा लागतो. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचं प्रतिज्ञापत्र करायचं, एका मराठी आणि एका इंग्रजी वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची आणि ती पानं आधार, पॅन, डिस्चार्ज बुकाच्या प्रतीसह सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्डला पाठवायची. जाहिरातीचं कात्रण नव्हे, तर तारखेसह वर्तमानपत्राचं पूर्ण पान जपा. प्रतिज्ञापत्रात दोन्ही नावं कागदावर आहेत तश्शीच लिहा, 'बाई'सकट. वकिलाच्या टायपिंगमध्ये 'बाई' गळून पडलं की सगळं पुन्हा करावं लागतं.

आधार दुरुस्त करायचं की रेकॉर्ड, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. माझं मत असं: फरक एखाद्या अक्षराचा असेल आणि पुरावा हाताशी असेल, तर आधार रेकॉर्डप्रमाणे करून घ्या, ते लवकर होतं. पूर्ण नावच वेगळं असेल तर रेकॉर्डला दुरुस्ती करा, कारण बँक, सातबारा आणि मुलांचे दाखले सगळे दुसऱ्या नावावर उभे असतात.

पत्नीचं ओळखपत्र

माजी सैनिकाचं ओळखपत्र पतीसोबत संपतं. त्यानंतर पत्नीनं स्वतःच्या नावानं ओळखपत्र घ्यायचं असतं, हे अनेकींना कोणी सांगितलेलंच नसतं. ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय देतं. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं मुख्य कार्यालय पुण्यात घोरपडीला आहे, पण त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही.

लागणारे कागद असे: डिस्चार्ज बुक, पीपीओ, पतीचं जुनं ओळखपत्र, मृत्यूचा दाखला, पत्नीचं आधार आणि पॅन, बँकेचं पासबुक, रहिवासाचा पुरावा आणि फोटो. सगळ्यांच्या मूळ प्रती सोबत न्या. पती हयात असताना काढलेला दोघांचा फोटो असेल, किंवा पेन्शनच्या कागदावर पतीसोबत पत्नीचं नाव असेल, तर तेही न्या. आजींना सुरगाणा-कळवणहून नाशिकला आणायचं म्हणजे पूर्ण दिवसाचा प्रवास असतो, म्हणून आधी मुलानं किंवा नातवानं एकट्यानं जाऊन कागद तपासून घ्यावेत आणि सही-अंगठ्याच्या दिवशीच त्यांना न्यावं. या कामासाठी एजंटाची गरज नाही. कोणी पैसे घेऊन "करून देतो" म्हणाला तर मूळ डिस्चार्ज बुक त्याच्या हातात देऊ नका.

कुटुंब निवृत्तिवेतनाचंही याच सुमारास पाहावं लागतं. संरक्षण खात्याची पेन्शन आता स्पर्श पोर्टलवरून येते. मृत्यूची नोंद तिथे करून पत्नीचे कागद जोडायचे. पीपीओवर तिचं नाव आधीच असेल तर काम सरळ होतं, नसेल तर वर सांगितलेला रेकॉर्डचा रस्ता धरावा लागतो. गावातल्या सीएससी केंद्रावरही (सरकारी ऑनलाइन कामं करून देणारं केंद्र) स्पर्शचं काम होतं. पेन्शन सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला विसरू नका. पत्नीही हयात नसेल, तर 25 वर्षांखालच्या आणि कमावत्या नसलेल्या मुलांना, अपंग अपत्याला, तसंच अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलीला उत्पन्नाच्या मर्यादेत हे वेतन मिळू शकतं. घरात आई-वडिलांजवळ राहिलेली परित्यक्ता बहीण असेल, तर घटस्फोटाचे कागद आधी मार्गी लावा.

घरपट्टी माफी

2020 मध्ये राज्य सरकारनं बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना आणली. तिच्यामुळे माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नी यांना गावात आणि शहरातही एका घराची घरपट्टी माफ आहे. अविवाहित शहीद सैनिकाच्या आई-वडिलांनाही ती लागू आहे.

महाराष्ट्रात किमान 15 वर्षं वास्तव्य हवं. राज्यभरात मिळून एकाच मिळकतीला माफी मिळते. घर स्वतः राहण्यासाठी हवं, भाड्यानं दिलेलं चालत नाही. सवलत सैनिक किंवा त्याची पत्नी हयात असेपर्यंतच असते. आणि सैनिक कल्याण अधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र लागतंच, म्हणून ओळखपत्राचं काम आधी.

नाशिक महापालिका हद्दीत असाल तर आपल्या विभागीय कार्यालयात अर्ज द्या. पंचवटी, नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, नवीन नाशिक, सातपूर आणि नाशिकरोड अशी ती सहा आहेत. सोबत घरपट्टीचं बिल, प्रमाणपत्र, वास्तव्याचा दाखला, आधार आणि "दुसऱ्या कोणत्याही मिळकतीवर ही सवलत घेतलेली नाही" असं स्वयंघोषणापत्र जोडा. गावात हाच अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक), नमुना 8 च्या, म्हणजे ग्रामपंचायतीतल्या घराच्या नोंदीच्या उताऱ्यासह. पोच घेतल्याशिवाय उठू नका. पाणीपट्टी वेगळी असते, ती भरावी लागते. देवळाली कॅम्पचं कटक मंडळ (कॅन्टोन्मेंट बोर्ड) केंद्राच्या कायद्याखाली चालतं, त्यामुळे तिथे राहणाऱ्यांनी सवलतीची चौकशी कटक मंडळाच्या कार्यालयातच करावी.

घर मुलाच्या नावावर असलं तर अर्ज अडतो. सैनिक वारल्यानंतर वाटणीच्या घाईत घर थोरल्याच्या नावावर होतं आणि आई त्याच घरात राहत असूनही सवलत जाते. वारसनोंद करताना आईचं नाव आधी लावा. माफीपेक्षाही तिच्या डोक्यावरच्या छपरासाठी ते जास्त गरजेचं आहे, असं मला मनापासून वाटतं.

पेन्शन नसलेल्यांसाठी मदत

हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्यावरून पेन्शनशिवाय सुटलेल्या, 65 वर्षांवरच्या माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा निर्वाह अनुदान मिळतं. ते 4000 रुपये होतं, 1 नोव्हेंबर 2025 पासून आलेल्या अर्जांना 8000 रुपये आहे. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि पडताळणी जिल्हा कार्यालयात होते. मुलांच्या शिक्षणासाठी आणि मुलीच्या लग्नासाठीही अनुदान आहे. हा पैसा सशस्त्र सेना ध्वजदिन निधीतून येतो, 7 डिसेंबरला आपण छोटा झेंडा लावून देतो त्यातूनच. त्यामुळे हे मागण्यात कसलाही कमीपणा नाही.

मेडल्स

डिस्चार्ज बुकात नोंदलेलं मेडल घरात नसेल, तर ते कधी मिळालंच नव्हतं की हरवलं, हे आधी ठरवा. अनेक सैनिक मेडल हातात पडण्याआधीच निवृत्त झाले. तसं असेल तर कायदेशीर वारसानं रेकॉर्डला डिस्चार्ज बुकाची प्रत आणि वारसाचा पुरावा जोडून मागणी करायची. हरवलं असेल तर पोलिसांत नोंद करून तिची प्रत आणि प्रतिज्ञापत्र जोडायचं.

घरात आहेत ती मेडल्स ओळखायला शिका. पूर्वी स्टार म्हणजे आजोबा 1971 ला पूर्वेच्या आघाडीवर होते, पश्चिमी स्टार म्हणजे पश्चिमेच्या. संग्राम मेडल त्या वेळी सेवेत असलेल्या सर्वांना मिळालं. समर सेवा स्टार 1965 च्या लढाईतल्या सहभागाचं, तर रक्षा मेडल त्या वेळी सेवेत असण्याचं. ब्रासो लावून घासू नका, कडेवरची अक्षरं झिजतात. मऊ कोरड्या कापडानं पुसलं तरी पुरतं. रिबन कुजली असेल तर देवळाली कॅम्पात फौजी सामानाच्या दुकानात विचारा.

स्मारकावरच्या मानवंदनेला किंवा अंत्यविधीला दिवंगत सैनिकाची मेडल्स जवळच्या नातलगानं लावायची रीत आहे. सैनिक स्वतःची मेडल्स डाव्या छातीवर लावतो, नातलगानं मात्र उजव्या बाजूला लावायची. 26 जुलैच्या, म्हणजे कारगिल विजय दिनाच्या कार्यक्रमाला आजींच्या पदराला ती लावायची असतील, तर उजवीकडे, आणि साडी ओढली जाऊ नये म्हणून आतून जाड कापडाची पट्टी देऊन.

1947 नंतर कर्तव्यावर वीरगती मिळालेल्या सैनिकांची नावं दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात त्यागचक्राच्या ग्रॅनाइट विटांवर कोरलेली आहेत. स्मारक 25 फेब्रुवारी 2019 ला खुलं झालं. जाण्याआधी स्मारकाच्या संकेतस्थळावर नाव शोधून ठेवा, म्हणजे तिथे वीट सापडते. पणजोबा पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात कामी आले असतील तर नाव तिथे नसेल. त्यासाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट शोध घेता येतो. आडनावानं नाही सापडलं तर नुसतं पहिलं नाव आणि रेजिमेंट टाकून पाहा, कारण त्या काळी बऱ्याच मराठी शिपायांची नोंद आडनावाशिवाय, नाव आणि वडिलांचं नाव एवढीच झालेली आहे.