लोकसभेची पोटनिवडणूक आणि राज्यसभेची पोटनिवडणूक: नाव एक, गणितं दोन

२०२४ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातून संसदेच्या दोन रिकाम्या जागा भरल्या गेल्या आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागला नाही. पीयूष गोयल आणि उदयनराजे भोसले लोकसभेवर निवडून गेल्यामुळे त्यांच्या राज्यसभेच्या जागा मोकळ्या झाल्या होत्या. मतदानाची तारीख ३ सप्टेंबर ठरली होती. पण माघारीची मुदत संपली तेव्हा प्रत्येक जागेसाठी एकेकच उमेदवार उरला. भाजपचे धैर्यशील पाटील आणि राष्ट्रवादीचे नितीन पाटील बिनविरोध खासदार झाले आणि मतदानाची वेळच आली नाही.

त्याच वर्षी २० नोव्हेंबरला नांदेडमध्येही संसदेच्या एका रिकाम्या जागेसाठी मतदान झालं. काँग्रेसचे खासदार वसंतराव चव्हाण यांचं ऑगस्टमध्ये निधन झालं होतं. विधानसभेच्या मतदानाबरोबरच लोकसभेचंही मतदान होतं, म्हणजे एकाच केंद्रावर मतदाराने दोनदा बटण दाबायचं. निकालात या लोकसभा मतदारसंघातल्या सहाही विधानसभा जागा महायुतीने जिंकल्या, पण लोकसभेला त्याच मतदारांनी काँग्रेसचे रवींद्र चव्हाण निवडून दिले. पहिल्या दोन्ही उमेदवारांना पावणेसहा लाखांच्या वर मतं पडली आणि फरक होता अवघा १,४५७.

दोन्हींना आपण पोटनिवडणूकच म्हणतो आणि कायदाही दोन्ही एकाच भागात हाताळतो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १४७ राज्यसभेच्या अकस्मात रिकाम्या झालेल्या जागेबद्दल आहे, कलम १४९ लोकसभेच्या. १९९६ मध्ये आलेलं कलम १५१अ दोघांनाही सारखंच लागू आहे: जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत निवडणूक घ्या. कागदावर ही जुळी भावंडं दिसतात. प्रत्यक्षात लोकसभेची पोटनिवडणूक गेलेल्या खासदाराचा प्रश्न पुन्हा त्याच मतदारांपुढे नेते, तर राज्यसभेची पोटनिवडणूक ती जागा बहुधा त्या दिवशी विधानसभेत ज्याचं बहुमत असेल त्याच्या पदरात टाकते. मूळ जागा कोणाची होती, याला तिथे फारशी किंमत राहत नाही.

कारण मतमोजणीच्या पद्धतीत आहे. लोकसभेला ज्याला जास्त मतं तो विजयी, मग निवडणूक सार्वत्रिक असो की पोट. राज्यसभेचे खासदार आमदार निवडतात आणि तेही प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने. राज्यघटनेच्या ८० व्या कलमातच तसं लिहिलेलं आहे. आमदार मतपत्रिकेवर १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितो आणि निवडून यायला ठरावीक कोटा गाठावा लागतो. हा कोटा काढायचा तर वैध मतांना, भरायच्या जागांपेक्षा एकाने जास्त असलेल्या आकड्याने भागायचं आणि वर एक मिळवायचा. एकाहून जास्त जागा भरायच्या असतील तर मोजणी करताना प्रत्येक मताचं मूल्य शंभर धरतात, म्हणून अपूर्णांकाचा घोळ होत नाही.

महाराष्ट्राचे २८८ आमदार धरा. दर दोन वर्षांनी होणाऱ्या नेहमीच्या निवडणुकीत, म्हणजे द्वैवार्षिक निवडणुकीत, सहा जागा असतील तर ४२ आमदारांमागे एक खासदार निघतो. त्यामुळे विरोधी पक्षालाही त्याच्या ताकदीनुसार एखाददुसरी जागा मिळते. पण त्या सहांपैकी एक खासदार मध्येच गेला आणि त्या एकाच जागेसाठी निवडणूक लागली, तर भागायचं दोनने. कोटा थेट १४५ वर जातो. म्हणजे जी जागा ४२ आमदारांच्या बळावर मिळाली होती, ती राखायला आता निम्म्याहून अधिक विधानसभा लागते. नियमात प्रमाणशीर प्रतिनिधित्व हे शब्द तसेच असतात, पण जागाच एक असल्यावर प्रमाण कशाचं काढणार?

गुजरातच्या तीन जागांचा प्रवास पाहिला की हे नीट उलगडतं.

८ ऑगस्ट २०१७. राज्यसभेच्या तीन जागांसाठी गांधीनगरमध्ये मतदान. भाजपकडून अमित शहा आणि स्मृती इराणी निवडून येणार हे ठरलेलंच होतं, सगळी लढाई तिसऱ्या जागेवर, काँग्रेसच्या अहमद पटेलांची. १७६ आमदारांनी मतदान केलं. राज्यसभेला मतदान गुप्त नसतं. २००३ च्या दुरुस्तीपासून पक्षाच्या आमदाराने आपली मतपत्रिका पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवायची असते, पण फक्त त्यालाच. काँग्रेसच्या दोन बंडखोर आमदारांनी ती इतरांनाही दाखवली अशी तक्रार झाली. मतमोजणी थांबली, दोन्ही पक्षांचे नेते दिल्लीत निवडणूक आयोगाच्या दारात, आणि चित्रफीत पाहून आयोगाने मध्यरात्रीच्या सुमारास ती दोन मतं बाद ठरवली. उरली १७४. त्यांना चारने भागून कोटा निघाला ४४ मतांचा. अहमद पटेलांना बरोबर ४४ मतं पडली. ती दोन मतं धरली असती तर कोटा ४५ वर गेला असता आणि पहिल्या फेरीत ते एका मताने लटकले असते.

पुढे २०१९ मध्ये शहा आणि इराणी लोकसभेवर निवडून गेले. राज्यसभेचा खासदार लोकसभेवर गेला की लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६९ नुसार त्याची राज्यसभेची जागा आपोआप रिकामी होते, वेगळा राजीनामा द्यावा लागत नाही. दोन्ही जागा एकाच राज्यातल्या, एकाच निवडणुकीत भरलेल्या, दोन्हींची मुदत ऑगस्ट २०२३ पर्यंत. आयोगाने मतदानाचा दिवसही एकच ठरवला, ५ जुलै. पण निवडणुका मात्र दोन वेगळ्या काढल्या. इथेच सगळी मेख आहे. तेव्हा सभागृहात भाजपचे शंभराच्या आसपास आमदार होते, काँग्रेसचे सत्तरच्या आसपास. दोन जागा एकत्र भरल्या असत्या तर साठाच्या आतबाहेर कोटा आला असता आणि काँग्रेसला एक जागा मिळाली असती. वेगवेगळ्या भरल्यामुळे प्रत्येकीला निम्म्याहून जास्त आमदार लागले. प्रत्येक आमदाराने दोन वेळा मतदान केलं आणि दोन्ही वेळा तेच बहुमत जिंकलं. एस. जयशंकर आणि जुगलजी ठाकोर निवडून आले.

काँग्रेस सर्वोच्च न्यायालयात गेली होती. न्यायालयाने निवडणुकीआधी हात घालायला नकार दिला. तक्रार असेल तर निकालानंतर निवडणूक याचिका करा, असं सांगितलं. आयोगाचं म्हणणं असं की कलम १४७ प्रत्येक रिकाम्या जागेचा स्वतंत्र विचार करतं, पूर्वापार प्रथाही हीच आहे आणि दिल्ली उच्च न्यायालयाने ती मान्य केलेली आहे. या युक्तिवादात तथ्य नाही असं नाही. दोन जागांच्या मुदती वेगळ्या असतील तर एकत्र निवडणुकीत लांब मुदतीची जागा कोणाला द्यायची, हा खरा पेच आहे. पण मुदत दोन्हींची एकच असताना हा पेच उरत नाही, आणि तिथे वेगळी निवडणूक घेण्याने घटनेतल्या प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा हेतूच बाजूला पडतो असं मला वाटतं.

आता तिसरी जागा. अहमद पटेल नोव्हेंबर २०२० मध्ये गेले, काही दिवसांतच भाजपचे खासदार अभय भारद्वाजही गेले. या दोन जागांच्या मुदती खरोखरच वेगळ्या होत्या, त्यामुळे स्वतंत्र पोटनिवडणुकीवर कोणी बोट ठेवण्यासारखं नव्हतं. काँग्रेसने उमेदवारच दिला नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये भाजपचे दोघेही बिनविरोध आले. ज्या जागेसाठी २०१७ ला अख्खी रात्र जागवली होती, ती एकही मत न पडता दुसऱ्या पक्षाकडे गेली.

उलटही घडतं. काँग्रेसचे राज्यसभा खासदार राजीव सातव यांचं मे २०२१ मध्ये निधन झालं तेव्हा महाराष्ट्रात महाविकास आघाडीचं सरकार होतं. भाजपने आधी अर्ज भरला, मग मागे घेतला आणि काँग्रेसच्या रजनी पाटील बिनविरोध निवडून आल्या. एकट्या काँग्रेसकडे १४५ चा आकडा कुठून असणार? तो आघाडीचा होता.

मुदतीचा फरकही लक्षात ठेवण्यासारखा आहे. लोकसभेची पोटनिवडणूक जिंकणारा खासदार त्या लोकसभेबरोबर जातो. सभागृह आधीच विसर्जित झालं तर तोही माजी. राज्यसभा कधी विसर्जितच होत नाही, त्यामुळे तिथे मुदत सभागृहाला नव्हे, जागेला चिकटलेली असते. नवा माणूस आधीच्याची उरलेली वर्षं पुरी करतो. प्रफुल्ल पटेलांनी याचं मासलेवाईक उदाहरण घालून दिलं. २०२२ ला निवडून आलेल्या पटेलांची मुदत जुलै २०२८ पर्यंत होती. तरी फेब्रुवारी २०२४ च्या द्वैवार्षिक निवडणुकीत त्यांनी पुन्हा अर्ज भरला, नवी सहा वर्षांची मुदत घेतली आणि जुनी जागा सोडली. त्या सोडलेल्या जागेची पोटनिवडणूक जूनमध्ये झाली आणि सुनेत्रा पवार बिनविरोध खासदार झाल्या, मुदत अर्थातच २०२८ पर्यंतची. लोकसभेत असा खेळ करता येत नाही. तिथे फार तर दोन मतदारसंघांतून उभं राहता येतं आणि दोन्ही जिंकले तर चौदा दिवसांत एक सोडावा लागतो. राहुल गांधींनी २०२४ मध्ये रायबरेली ठेवून वायनाड सोडलं, ते याच नियमाने. पण सोडलेली जागा भरायला पुन्हा वायनाडच्या मतदारांकडेच जावं लागलं. प्रियंका गांधी तिथून चार लाखांहून अधिक मतांनी निवडून आल्या.

सहा महिन्यांच्या मुदतीला दोन पळवाटा आहेत. उरलेली मुदत एक वर्षाहून कमी असेल तर पोटनिवडणूक घ्यावी लागत नाही. आणि केंद्र सरकारशी सल्लामसलत करून, ठरलेल्या वेळेत निवडणूक घेणं अवघड आहे असं आयोगाने प्रमाणित केलं तरी नाही. दोन्ही सभागृहांना नियम सारखाच, पण झळ सारखी बसत नाही. राज्यसभेची एक जागा रिकामी राहिली तर राज्यातल्या सामान्य माणसाचं काही अडत नाही, खरं सांगायचं तर त्याला कळतही नाही. लोकसभेची जागा रिकामी राहिली की अख्खा मतदारसंघ खासदाराविना.

पुण्याने हे अनुभवलं. गिरीश बापट २९ मार्च २०२३ ला गेले. लोकसभेची मुदत १६ जून २०२४ पर्यंत, म्हणजे साडेचौदा महिने शिल्लक. एक वर्षाची पळवाट लागू नव्हती. गंमत म्हणजे महिनाभर आधीच याच शहरात कसबा पेठेची विधानसभा पोटनिवडणूक दणक्यात पार पडली होती. तरीही आयोगाने दुसऱ्या पळवाटेचा आधार घेतला: यंत्रणा इतर निवडणुकांत गुंतलेली आहे आणि नव्या खासदाराला फार थोडा काळ मिळेल. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे कारण फेटाळून तातडीने निवडणूक घ्यायला सांगितलं. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. पुण्याला खासदार मिळाला तो थेट सार्वत्रिक निवडणुकीत. चंद्रपूरचे बाळू धानोरकर मे २०२३ अखेरीस गेले, तिथेही पोटनिवडणूक झाली नाही. काश्मीरमधलं अनंतनाग तर त्याहून लांब रखडलं. मेहबूबा मुफ्तींनी २०१६ मध्ये सोडलेली ती जागा अशांततेमुळे पोटनिवडणूक रद्द होऊन २०१९ पर्यंत तशीच राहिली.

राज्यसभेची जागा अडायला वेगळंच कारण लागतं: निवडून देणारी विधानसभाच नसणं. जम्मू-काश्मीरच्या चारही जागा फेब्रुवारी २०२१ पासून रिकाम्या होत्या. तिथे अकस्मात कोणी गेलं नव्हतं, खासदारांच्या मुदती संपल्या होत्या, म्हणून ही पोटनिवडणूक नव्हे. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये अखेर मतदान झालं तेव्हा जागांच्या वेगवेगळ्या चक्रांमुळे आयोगाने तीन वेगळ्या अधिसूचना काढल्या: दोन जागा सुट्या, दोन एकत्र. भाजपचे आमदार होते २८. सुट्या दोन्ही जागा नॅशनल कॉन्फरन्सने जिंकल्या. एकत्र दोन जागांच्या निवडणुकीत मात्र एक तिने आणि एक भाजपने घेतली.