टॉर्पेडोमन

टॉर्पेडोमन म्हणजे युद्धनौकेवर किंवा पाणबुडीवर टॉर्पेडोची निगा राखणारा, तो नळीत भरणारा आणि डागणारा खलाशी. टॉर्पेडोला मराठीत पाणतीर असा सुरेख शब्द आहे, पण भात्यातला तीर वर्षभर पडून राहिला तरी बिघडत नाही, टॉर्पेडो बिघडतो. पाण्यात शिरल्यावर तो स्वतःचे इंजिन चालवतो, ठरलेली खोली राखतो, दिशा धरतो. असे यंत्र सांभाळायला तोफेवरचा गोलंदाज पुरेसा नव्हता, म्हणून नौदलांनी कारागीर आणि खलाशी दोन्ही असलेला हा माणूस घडवला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ‘टॉर्पेडो’ म्हणजे पाण्यात पेरलेला सुरुंग. रॉबर्ट व्हाइटहेड या इंग्रज अभियंत्याने 1866 मध्ये फ्यूमे येथे (आजचे क्रोएशियातील रिएका) दाबलेल्या हवेवर स्वतः धावणारा टॉर्पेडो तयार केला आणि शब्दाचा अर्थ बदलला. अमेरिकेने न्यूपोर्टला 1869 मध्येच टॉर्पेडो केंद्र उघडले होते. ब्रिटनमध्ये पोर्टस्मथची ‘व्हर्नन’ ही टॉर्पेडो शाळा 1876 मध्ये स्वतंत्र झाली. ब्रिटिश जहाजांवरची वीजही याच शाखेकडे होती. दुसरे महायुद्ध संपेपर्यंत जहाजातला दिवा गेला तरी टॉर्पेडोवाल्यालाच हाक मारली जाई. अमेरिकी नौदलात हे काम आधी तोफखान्याच्या खलाशांकडे होते. 1921 मध्ये ‘टॉर्पेडोमन’ हा वेगळा हुद्दा आला आणि 1942 मध्ये त्याचे नाव ‘टॉर्पेडोमन्स मेट’ झाले.

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी पाणबुडीत या माणसाचे काम आणि घर एकच होते. गाटो वर्गाच्या पाणबुडीत पुढच्या कक्षात सहा नळ्या, मागच्या कक्षात चार, आणि एकूण 24 टॉर्पेडो असत. खलाशांच्या झोपायच्या फळ्या टॉर्पेडोंच्या वर आणि मधे टांगलेल्या. मार्क 14 या टॉर्पेडोची लांबी सव्वासहा मीटर, वजन जवळपास दीड टन. कप्प्या आणि दोर लावून, डुलत्या पाणबुडीत, तो इंच-इंच नळीत सरकवायचा. एक हात चुकीच्या जागी राहिला तर तो चिरडलाच. सफरीवर असताना टॉर्पेडो पुन्हा पुन्हा नळीबाहेर ओढून हवेचा दाब, दिशा राखणारा जायरोस्कोप, सुकाणू, वंगण तपासावे लागे. जर्मन पाणबुड्यांवरही हेच चाले. तिथे टॉर्पेडोला ‘आल’ म्हणजे ईल मासा म्हणत, अमेरिकी खलाशी नुसते ‘फिश’ म्हणत. जपानच्या टाइप 93 टॉर्पेडोत इंधन जाळायला हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन होता, त्यामुळे त्याच्या आतल्या नळ्यांत तेलाचा थेंब राहणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण.

मार्क 14 अल्कोहोल जाळून त्या उष्णतेने वाफ करी. ते अल्कोहोल खलाशी अननसाच्या रसात घालून पीत, म्हणून नौदलाने त्यात जुलाब करणारे जमालगोट्याचे तेल मिसळायला सुरुवात केली. त्यावरही उपाय शोधले गेलेच.

या हुद्द्याच्या इतिहासातला सर्वांत कडू भाग मार्क 14 चाच आहे. युद्धाच्या आरंभी टॉर्पेडो जहाजांच्या खालून निघून जात, आधीच फुटत किंवा लागूनही फुटत नसत. शस्त्रास्त्र विभागाने दोष नेमबाजीला आणि पाणबुडीवरच्या देखभालीला दिला, म्हणजे बऱ्याच अंशी टॉर्पेडोमनच्या हातांना. जून 1942 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ऑल्बनीजवळ मासेमारीचे जाळे पाण्यात टांगून चाचणी घेतली, तेव्हा टॉर्पेडो ठरवलेल्या खोलीपेक्षा सरासरी 11 फूट खालून धावत असल्याचे दिसले. पुढचा दोष उघड व्हायला आणखी वर्ष गेले. 24 जुलै 1943 रोजी ‘टिनोसा’ पाणबुडीने ‘तोनान मारू क्रमांक 3’ या जपानी जहाजावर 15 टॉर्पेडो सोडले. त्यांतले 11 आदळूनही फुटले नाहीत. कप्तान डॅन डॅस्पिट याने एक टॉर्पेडो न सोडता पर्ल हार्बरला तपासणीसाठी परत आणला. मग हवाईतील काहोओलावे बेटाच्या कड्यांवर टॉर्पेडो मारून, आणि 90 फुटांवरून पोलादी पत्र्यावर टाकून पाहिले, तेव्हा सरळ आदळलेल्या दहापैकी सात फुटले नाहीत. नेम जितका अचूक, तितकी आदळताच स्फोट घडवणारी आघातपिन वाकून अडकण्याची शक्यता जास्त! दोष रचनेत होता. ज्यांना बोल लावला गेला त्या माणसांची कामगिरी चोख होती, हे नोंदवायलाच हवे.

टॉर्पेडोमनच्या धैर्याचे नाव घ्यायचे तर हेन्री ब्रोल्ट याचे. 28 ऑक्टोबर 1923 रोजी पनामा कालव्याजवळ ‘ओ-5’ पाणबुडीला ‘अबांगारेझ’ या जहाजाची धडक बसली आणि ती मिनिटभरात बुडाली. टॉर्पेडोमन सेकंड क्लास ब्रोल्ट टॉर्पेडो कक्षातून डेकवर पोचला होता; पाण्यात उडी मारली की सुटका होती. पण सहकारी लॉरेन्स ब्राउन आत झोपलेला आहे हे त्याला आठवले. तो परत खाली उतरला आणि डोक्यावरचे झाकण आतून लावून घेतले. दोघे टॉर्पेडो कक्षातच अडकले. बचावासाठी बुडी मारणाऱ्या माणसांनी पाणबुडीखालून दोर ओवले, क्रेनचा दोर दोनदा तुटला, तिसऱ्या खेपेला पुढचा भाग वर आला. सुमारे 31 तासांनी दोघे जिवंत बाहेर पडले. ब्रोल्टला ‘मेडल ऑफ ऑनर’ हे अमेरिकेचे सर्वोच्च लष्करी शौर्यपदक राष्ट्राध्यक्ष कूलिज यांच्या हस्ते मिळाले.

विजेवर चालणारे आणि आवाजाच्या मागाने लक्ष्याकडे जाणारे टॉर्पेडो महायुद्धातच आले होते. युद्धानंतर ते तारेनेही लक्ष्याकडे नेले जाऊ लागले, आणि हातकामाची जागा इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने घेतली. अमेरिकी नौदलाने 2007 पर्यंत हा हुद्दा इतर शाखांत विलीन केला. पाणबुड्यांवर मात्र टॉर्पेडो कक्ष होताच आणि त्याला माणूसही लागत होता. 2019 मध्ये तिथल्या खलाशांना ‘टॉर्पेडोमन्स मेट’ हे जुने नाव परत मिळाले.