मूळ संख्या मोजणारे इवलेसे प्रोग्राम : पार्श्वभूमी

मूळ संख्या वेगळ्या काढायची चाळणी, म्हणजे एकेका संख्येच्या पटी खोडत जायची रीत, दोन हजार वर्षांहून जुनी आहे आणि ती शाळेत सगळ्यांनी वापरलेली आहे. प्रोग्राम आखूड करण्याची हौस पुष्कळ अलीकडची. एपीएल ही खास चिन्हांनी लिहायची प्रोग्रामिंग भाषा वापरणाऱ्यांनी ती आधी भागवली: २ पासून पुढच्या संख्यांचा गुणाकाराचा तक्ता मांडायचा आणि तक्त्यात न सापडलेल्या संख्या मोजायच्या. सगळं १५ चिन्हांत बसतं. १९८१ मध्ये एका अमेरिकी मासिकानं वेगवेगळ्या संगणकांचा वेग जोखायला चाळणीचा प्रोग्राम छापला. तो फक्त विषम संख्या तपासायचा, म्हणून २ वगळून उत्तर यायचं १८९९. लांबीची चढाओढ 'गोल्फ' या नावानं रुजली ती १९९० च्या दशकाच्या अखेरीस, पर्ल भाषेच्या मंडळींत.

खरा वाद पुढे झाला, लांबी मोजायची कशात यावर. आधी अनेक ठिकाणी अक्षरं मोजत. मग कुणी पायथन भाषेतल्या प्रोग्रामची दोन-दोन अक्षरं एकेका चिनी अक्षरात कोंबू लागलं आणि लांबी कागदावर जवळपास निम्मी झाली. म्हणून बाइट मोजायचं ठरलं. पण एपीएलचा तोच १५ चिन्हांचा प्रोग्राम यूटीएफ-८ या आजच्या सर्रास वापरातल्या संकेतावलीत (अक्षरं बाइटांत मांडायच्या तक्त्यात) २६ बाइट भरतो, कारण त्यातल्या खास चिन्हांना प्रत्येकी दोन-तीन बाइट लागतात. त्या भाषेच्या जुन्या संकेतावलीत मात्र १५ च. तेव्हा भाषेला स्वतःची संकेतावली चालेल, अशी मुभा मिळाली. एपीएलपुरता हा न्याय रास्तच होता, कारण ती संकेतावली स्पर्धेआधीपासून वापरात होती. पुढे मात्र खास गोल्फसाठीच भाषा घडल्या, २५६ चिन्हांच्या आपापल्या तक्त्यासकट. त्यांपैकी जेली या भाषेत 'इथपर्यंतच्या मूळ संख्या मोज' हे काम दोन चिन्हांत, दोन बाइटांत होतं. नियमात ते चोख बसतं, पण मोजणी भाषा घडवणाऱ्यानं आधीच करून ठेवलेली असते.

मला मोलाची वाटते ती पायथनची वाट. विल्सनच्या प्रमेयानुसार प मूळ असेल तर (प−१)! ला, म्हणजे १ ते प−१ या सगळ्यांच्या गुणाकाराला, प नं भागल्यावर बाकी प−१ उरते. संयुक्त संख्येला बाकी शून्य, अपवाद फक्त ४ चा: ३! म्हणजे ६, बाकी २. गुणाकाराचा वर्ग केला की दोन्ही अडचणी एकदम सुटतात. मूळ संख्येला बाकी १, ४ सकट इतर सगळ्यांना ०. नुसत्या बाक्यांची बेरीज केली की मोजणी झाली. १०० पर्यंत २५. घटकाची तपासणी नाही, चाळणी नाही. वेगाच्या नावानं मात्र बोंब आहे, कारण १०,००० पर्यंत जाताना तो वर्ग सत्तर हजारांहून जास्त अंकांचा होतो.

अलीकडे डझनभर ओळींचा आणखी एक पायथन प्रोग्राम हातोहात पसरला. तो एकेक मूळ संख्या न शोधता त्या एकूण किती, हेच थेट काढतो. मूळ कल्पना एकोणिसाव्या शतकातली. १८८५ मध्ये एका जर्मन गणितज्ञानं त्याच धाटणीच्या पद्धतीनं हातानं हिशेब करून १०० कोटींपर्यंतचं उत्तर काढलं होतं, ५,०८,४७,४७८. हा प्रोग्राम काही सेकंदांत ५,०८,४७,५३४ सांगतो. हातानं केलेला तो हिशेब फक्त ५६ नं कमी पडला होता.