थर्मोस्टॅट काढला की गाडी थंड राहते? उलट!

सोलापुरात ऊन तापलं की जुनी जर्मन गाडी बाळगणाऱ्याला एक सल्ला फुकट मिळतो: "मालक, थर्मोस्टॅट काढून टाका. थंड देशातला माल आहे हा." मीही एकदा ऐकला आणि पस्तावलो.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनाच्या पाण्याच्या वाटेवरची, तापमानानुसार उघडझाप करणारी झडप. तो दोन वाटा सांभाळतो. इंजिन गार असताना पाणी आतल्या आत फिरवतो. तापलं की रेडिएटरची वाट उघडतो आणि आतली बुजवतो. काढून टाकला तर आतली वाट कायम उघडी राहते, आणि बरंच गरम पाणी रेडिएटर चुकवून परत इंजिनात शिरतं. मग मे महिन्यात सात रस्त्याच्या सिग्नलला तापमानाचा काटा चढतोच. उलट थंडीत, पुणे रोडवर, इंजिन नीट तापतच नाही आणि पेट्रोल जास्त पितं.

बीएमडब्ल्यूच्या एम54 इंजिनात (2000-06) तो 97 अंशांना उघडू लागतो. भार वाढला की गाडीचा संगणक त्याला विजेने तापवून लवकर उघडतो. म्हणजे बाहेरच्या त्रेचाळीसची सोय आधीच आहे.

माझ्या गाडीचा खरा चोर वेगळाच निघाला. एक्स्पान्शन टँकच्या (कूलंटच्या प्लास्टिकच्या टाकीच्या) शिवणीवर वाळलेल्या कूलंटची पांढुरकी रेघ होती. प्लास्टिक म्हातारं झालेलं! टँक बदलला. बोअरचं पाणी नाही, डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं निम्मं. इग्निशन चालू, हीटर पूर्ण गरम, आणि अडकलेली हवा बाहेर सोडणारा स्क्रू सैल ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत ओतत राहिलो. हे सगळं इंजिन गार असतानाच, बरं का.