रानात राबणाऱ्याला बीपी होत नाही?

‘बीपी हा बसून खाणाऱ्या शहरी लोकांचा रोग, रानात घाम गाळणाऱ्याला तो होत नाही.’ मराठवाड्यातल्या ग्रुपांवर हे वर्षानुवर्षं फिरतंय. अंगमेहनतीने रक्तदाब आटोक्यात राहायला मदत होते, तेव्हा समज अगदीच बिनबुडाचा नाही. पण २०१९-२१ च्या देशव्यापी आरोग्य पाहणीत १५ वर्षांवरील पुरुषांत २४ टक्के, तर स्त्रियांत २१ टक्के जणांना उच्च रक्तदाब आढळला. खेड्यांतलं प्रमाण शहरांपेक्षा थोडंच कमी होतं.

कारण कष्ट ही एकच बाजू. वय, घराण्यातला बीपी, ठेच्या-लोणच्यातलं मीठ, दारू यांचाही वाटा असतो. डोकं दुखत नाही म्हणून निर्धास्त राहावं, तर बहुतेकांना काही जाणवतच नाही.

खात्री गावच्या उपकेंद्रातही होते. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको (तंबाखूच जड जाते!). पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, दंड छातीच्या पातळीवर, पट्टा उघड्या दंडावर. रानातून तडक येऊन मोजलेला आकडा धरू नका. वेगवेगळ्या दिवशी वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० वा त्याहून जास्त आला, तर डॉक्टरांना दाखवा.